बिडाचा ससा

ससा दोन किलोचा होता, बिडाचा होता आणि त्याच्या पाठीवर उचलायची कडी होती. शनिवारी सकाळी लिफ्टसाहेबांनी तो जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याशेजारी ठेवला, घसा खाकरला आणि जाहीर केलं, की आजपासून एकवीस दिवस हा आपला ससा.

बायकोनं त्या लोखंडी वजनाखाली अडकलेला वर्तमानपत्राचा कोपरा हलकेच सोडवून घेतला आणि ती पुढे वाचायला लागली. बारा वर्षांच्या संसारात तिनं याहून मोठे धक्के पचवले होते. मुलीनं मात्र खुर्ची पुढे ओढली. ती नऊ वर्षांची. पुढचे दोन दात अंमळ मोठे, म्हणून घरात तिला सगळे खारू म्हणत. तिनं वजनाकडे नीट पाहिलं, त्याच्या पाठीवरून एक बोट फिरवलं आणि विचारलं, "याला काय काय लागतं?"

आता हे असं का झालं ते सांगायला हवं. साहेबांचं काम लिफ्ट तपासायचं. ही लिफ्ट माणसं न्यायला लायक आहे, असा दाखला त्यांच्या सहीशिवाय कुणाला मिळत नसे. आणि त्यांच्या खात्याचा एक साधा नियम होता: माणूस पाठवायच्या आधी वजन पाठवायचं. वजन वरखाली सुखरूप फिरलं, तरच माणसानं आत पाऊल टाकायचं. वीस वर्षं हा नियम पाळून पाळून तो साहेबांच्या हाडीमाशी खिळला होता. घरात नवा पलंग आला तेव्हा त्यावर आधी वजनं निजली. खारूच्या जन्माआधी पाळणा आणला, तर आठवडाभर त्यात साडेतीन किलोची वजनं झोके घेत होती. खारूपेक्षा ती शांत झोपायची, असं बायको अजून सांगते.

तर अशा माणसाकडे पोरीनं दोन वर्षं सशाचा हट्ट धरला होता. शेवटी साहेब तिला शहराच्या टोकाला राहणाऱ्या ससेवाल्या बाईंकडे घेऊन गेले. या बाई ससे विकायच्या, पण कुणालाही नाही. इतर दुकानांत गिऱ्हाइकाला ससा दाखवतात, बाई सशाला गिऱ्हाईक दाखवायच्या. त्यांनी दोघांना पाटावर बसवलं आणि बोलायला सुरुवात केली. ससा आठ-दहा वर्षं जगतो. तो खेळणं नव्हे. गाजर हा त्याचा खाऊ, जेवण नव्हे. जेवण म्हणजे वाळलं गवत. पिंजऱ्यात कोंडलेला त्याला चालत नाही, रोज दोन-तीन तास मोकळं फिरायला लागतं. उचलून घेतलेलं आवडत नाही. वायरी कुरतडतो. आणि दुखलंखुपलं तर सांगत नाही, उलट लपवतो.

खारूचा चेहरा गंभीर होत गेला, साहेबांचा मात्र फुलत गेला. नकार द्यायला जी कारणं हुडकायला त्यांना महिना लागला असता, ती बाई आयती हातात ठेवत होत्या. बाई आणखी काही सांगणार होत्या, पण साहेब उठलेच. "बास, बास. आम्ही जबाबदारीनं विचार करू आणि कळवू," असं म्हणून त्यांनी खारूला बाहेर काढलं.

आणि हा तो जबाबदारीचा विचार, टेबलावर बसलेला. साहेब काही दुष्ट नव्हते. पण घरात जिवंत काही आलं की काळजी आली, आणि काळजी करण्याच्या कामात साहेबांना सुट्टी म्हणून माहीत नव्हती. त्यांचा अंदाज असा, की पोरांची हौस चार दिवसांची; पाचव्या दिवशी गवत बदलायचं राहील, चाचणी बंद पडेल आणि आपल्याला वाईटपणा न घेता सुटता येईल. म्हणून त्यांनी चौदा कलमांची नियमावलीच लिहून आणली होती. त्यातलं नववं कलम त्यांचं लाडकं: घरातल्या कोणाकडूनही सशाकडे दुर्लक्ष झालं, तर चाचणी त्याच दिवशी संपेल आणि सशाचा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. 'कोणाकडूनही' हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला. बायको कधी ना कधी विसरेलच, असा त्यांचा भरवसा होता.

खारूनं चौदाही कलमं बोट ठेवून वाचली आणि सही करायच्या आधी एकच प्रश्न विचारला. "बाबा, तुझी पाळी कधी?"

"माझी? मी तपासनीस. तपासनीस पाळी करत नाही."

"कलम दोन," बायको वर्तमानपत्राआडून म्हणाली. "ससा घरातल्या प्रत्येकाचा राहील. तूच लिहिलंयस."

बायको कोर्टात लघुलेखनाचं काम करायची. लोक बोलतील ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यामुळे तिच्यासमोर बोललेलं किंवा लिहिलेलं मागे घेता येत नसे. गुरुवारी कोर्टाचं काम लांबायचं आणि साहेबांचं कमी असायचं, म्हणून गुरुवार साहेबांच्या गळ्यात पडला.

चौथा दिवस आला आणि गेला. पाचवाही गेला. खारू शाळेत जायच्या आधी उठून गवत बदलायची, पाण्याचं भांडं घासायची, पालेभाजी धुऊन, पुसून ठेवायची आणि संध्याकाळी सशाला कुंपणाबाहेर काढून खोलीत त्याच्याजवळ बसून अभ्यास करायची. न्हाणीघराच्या बाहेरच्या कोपऱ्यात जाळीचं कुंपण साहेबांनीच घालून दिलं होतं. सशाच्या लेंड्यांची तरतूद म्हणून ते रोज सकाळी शंभर काळे मिरे मोजून घरभर टाकायचे. संध्याकाळी खारू ते वेचायची आणि मोजून डबीत भरायची. एकदा दोन कमी भरले तर तिनं सोफा हलवला. दुसऱ्या दिवशी एकशे एक निघाले, तेव्हा तिनं बाबाला जरा नीट मोजत जा म्हणून सांगितलं.

साहेब इरेला पेटले. कलम सातप्रमाणे, जमिनीवर वायर दिसली की ती कुरतडली गेली असं धरून जप्त करायची. त्यांनी तीन दिवस डोळ्यांत तेल घालून वायरी शोधल्या. तिसऱ्या दिवशी एक सापडली, ती त्यांच्याच मोबाइलच्या चार्जरची. खारूनं ती गुंडाळून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. साहेबांनी तोंड उघडलं, पण बायकोनं नुसतं "कलम सात" म्हटल्यावर मिटलं. चाचणी संपेपर्यंत ते ऑफिसात फोन चार्ज करत होते.

दहाव्या दिवशी त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. सकाळी सकाळी कुंपणापाशी उभं राहून जाहीर केलं, की ससा काल दुपारपासून काही खात नाहीये. त्यांना वाटलं, पोरगी हसेल आणि तिथेच तिला पकडता येईल. खारू हसली नाही. तिनं भोकं पाडलेलं खोकं आणलं, वजन त्यात अलगद ठेवलं आणि आईला घेऊन थेट कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर मोठे मिश्कील. त्यांनी खोक्यात पाहिलं, वजनावर बोटानं टकटक केलं, कान लावला आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता सांगितलं, की सशानं अर्धा दिवस खाल्लं नाही तर ते अंगावर काढायचं नसतं, तू ताबडतोब आलीस हे फार चांगलं केलंस. तशी चिठ्ठीही दिली. ती चिठ्ठी चाचणीच्या वहीत चिकटवली गेली आणि साहेबांचं अस्त्र साहेबांवरच उलटलं.

मग दोन दिवस तिघांनाही बाहेरगावी जावं लागलं. ससा एकटा ठेवायचा नाही, हे कलम अकरा. तेव्हा साहेबांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे खारूच्या आत्याला, विनंती करावी लागली. आत्या आधी पोट धरून हसली, मग म्हणाली ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा साहेबांना फोन. आवाज काळजीचा. "अरे, मी याला खिडकीपाशी उन्हात ठेवू का? हात लावला तर गार लागतोय."

"ताई, तो लोखंडाचा आहे."

"ते कळतंय रे मला," आत्या म्हणाली. "पण गार लागतोय."

साहेबांनी कपाळाला हात लावला. पण फोन ठेवायच्या आधी, थोडा वेळ ठेव उन्हात, असं त्यांच्याच तोंडून निघून गेलं.

खरं सांगायचं तर साहेबांच्या गुरुवारांचंही काही खरं राहिलं नव्हतं. पहिल्या गुरुवारी ते कपाळाला आठ्या घालून सशाजवळ बसले. दुसऱ्या गुरुवारी केर काढताना त्याला म्हणाले, "सरक जरा." म्हटल्यावर चपापून इकडेतिकडे पाहिलं. घरात कुणी नव्हतं, म्हणून वाचले.

तिसरा गुरुवार म्हणजे विसावा दिवस. आणि इथे माशी शिंकली.

साहेबांना त्या दिवशी घरूनच काम होतं. सकाळी नऊला ऑफिसच्या स्टोअरकीपरचा फोन आला. कापडाच्या एका पाच मजली दुकानाची लिफ्ट आजच तपासून द्यायची आहे, आणि साहेब, नेमकं दोन किलोचं एक वजन कमी पडतंय. आता लिफ्टच्या तपासणीत मोठी वजनं तर लागतातच, पण जास्त भार झाला की घंटी नेमकी कितव्या किलोला वाजते हे बघायला शेवटी अशी छोटी वजनं एकेक करून ठेवावी लागतात. एक वजन नाही म्हणजे तपासणी नाही. साहेब "आलोच" म्हणाले. डोक्यात लिफ्ट, पायात बूट, आणि हातांना तर वीस वर्षांची सवय. हातांनी जाता जाता कडीला धरून वजन उचललं आणि पिशवीत टाकलं. त्यावर कडी म्हणजे, दार ओढून घेताना साहेब रिकाम्या कुंपणाकडे बघून "येतो रे" म्हणाले.

तपासणी झकास झाली. घंटी हवी त्या किलोला वाजली, साहेबांनी दाखल्यावर सही ठोकली. स्टोअरकीपरनं सगळी वजनं टेंपोत भरली आणि तो प्राथमिक चाचणीसाठी पुढच्या कामावर, नदीकाठच्या एका नऊ मजली नव्या इमारतीत गेला. साहेब ऑफिसात आले, मागवलेला डबा उघडला, पहिला घास उचलला आणि एक वाजला. त्यांचा मोबाइल वाजला. पडद्यावर त्यांनीच घालून ठेवलेली आठवण होती: सशाचं पाणी बदलणे.

घास हातातच राहिला.

आता गंमत बघा. साहेब जिंकले होते. वीस दिवस ज्याची वाट पाहिली ते घडलं होतं. ससा घरात नाही, म्हणजे दुर्लक्ष. दुर्लक्ष म्हणजे कलम नऊ. कलम नऊ म्हणजे विषय संपला. करायचं काहीच नव्हतं, फक्त बसून डबा संपवायचा होता. त्यांनी तसं करूनही पाहिलं, पण घास घशाखाली उतरेना. खारू रडली असती, तर त्यांनी तिला समजावलं असतं. पण ती रडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती वही उघडेल, नववं कलम वाचेल, "बरं" म्हणेल आणि कुंपणातलं गवत गोळा करायला लागेल. ते "बरं" ऐकायची साहेबांची छाती नव्हती. ते उठले आणि डब्याचं झाकण न लावताच मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले.

"मला अर्धी रजा हवी. माझ्या मुलीचा ससा चुकून टेंपोतून गेलाय."

मोठ्या साहेबांच्या घरी तीन मांजरं होती. त्यांनी कागदही मागितला नाही. "अहो, मग इथे काय उभे राहिलात?" एवढंच म्हणाले.

नऊ मजली इमारतीत लिफ्ट वजनं घेऊन वरखाली करत होती. खाली सात-आठ रहिवासी सामानाच्या पिशव्या घेऊन, तपासणी कधी संपते याची वाट बघत ताटकळले होते. साहेब धापा टाकत आले आणि त्यांनी तपासणी मध्येच थांबवली. असं त्यांनी नोकरीत कधी केलं नव्हतं, कुणाला करूही दिलं नव्हतं. स्टोअरकीपरनं आ वासून बटण दाबलं. लिफ्ट खाली आली, दार उघडलं. आत दोन किलोची अकरा वजनं ओळीनं बसली होती.

"यातलं माझं कुठलं?" साहेबांनी विचारलं.

"कुठलंही घ्या की, साहेब," स्टोअरकीपर म्हणाला. "सगळी हुबेहूब सारखी आहेत. तसा दाखला तुम्हीच दिलाय."

दिला होता. साहेबांनी एक उचललं, पिशवीत टाकलं, दोन पावलं चालले आणि परत येऊन जागेवर ठेवलं. खारूला कळलं असतं. तिला लगेच कळलं असतं, आणि यांना कळत नव्हतं, हेच तर. वीस दिवस घरात ससा होता. दोन गुरुवार त्याच्याशेजारी बसून वर्तमानपत्र वाचलं होतं. आणि आज त्याला ओळख म्हटलं, तर साहेबांना त्याचा चेहरा आठवत नव्हता. त्यांना स्वतःची खरोखर लाज वाटली. त्यांनी बायकोला फोन लावला. कोर्टाला जेवणाची सुट्टी होती.

"ऐक, आपल्या सशाला काही खूण आहे का?"

पलीकडून बायकोनं, साक्ष वाचून दाखवावी तशा सपाट आवाजात सांगितलं, "डाव्या बाजूला टवका उडालेला. कडीपाशी निळ्या रंगाचा डाग. सपाट जागी ठेवला की किंचित पुढे झुकतो. कुठे हरवलास त्याला?"

"हरवला नाही. बरोबर घेऊन आलो होतो."

"कुठे?"

"कामावर," साहेब म्हणाले, आणि घाईनं फोन बंद केला.

वाट बघून कंटाळलेल्या रहिवाशांना एव्हाना काहीतरी काम हवंच होतं. ससा हरवलाय, तो लोखंडी आहे आणि पुढे झुकतो, एवढं ऐकल्यावर सगळे लिफ्टभोवती उकिडवे बसले. एकानं मोबाइलचा उजेड धरला. एका बाईंनी चष्मा पुसून घेतला. निळा डाग दोन वजनांवर निघाला, टवके चार वजनांचे उडालेले होते. शेवटी चष्मेवाल्या बाईंनी एक वजन फरशीवर ठेवलं, ते हळूच पुढे झुकलं, आणि बाई म्हणाल्या, "हा का हो तुमचा?"

हाच होता. साहेबांनी तो पिशवीत टाकला नाही. रिक्षात तो त्यांच्या मांडीवर होता.

घरी पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. खारू कुंपणापाशी मांडी घालून बसली होती आणि वहीत शेवटची नोंद तिच्या गोल अक्षरात होती: ३.४०. ससा नाही. बाबापण नाही. साहेबांनी वजन गवतावर ठेवलं, पाणी बदललं आणि पोरीसमोर जमिनीवर बसून झालं ते सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. खारूनं ऐकून घेतलं आणि पानं मागे उलटून नियमावली काढली.

"कलम नऊ," ती म्हणाली.

"ते कलम जरा कडकच झालंय," साहेब घाईघाईनं म्हणाले. "म्हणजे त्याचा अर्थ असा, की तू किंवा आई..."

"कोणाकडूनही," दारातून आवाज आला. कोर्टातून लवकर सुटून आलेली बायको पर्स खुंटीला अडकवत होती. "शब्द तुझाच आहे."

चौदा कलमं लिहिणारा माणूस त्या संध्याकाळी आपलंच एक कलम खोडायला निघाला होता, आणि घरातल्या दोघीजणी त्याला खोडू देत नव्हत्या. साहेबांनी खूप युक्तिवाद केला. चूक माझी, शिक्षा तिला का. तिच्याकडून वीस दिवसांत एक मिरा चुकला नाही. खारू म्हणाली, चाचणी करायची तर नीटच करायची, नाही तर काय उपयोग. शेवटी असं ठरलं, की एकविसावा दिवस पुरा करायचा आणि रविवारी तिघांनी वही घेऊन ससेवाल्या बाईंकडे जायचं. त्या म्हणतील तसं.

रविवारी साहेब बाईंच्या पाटावर बसले ते आरोपीसारखे. भोवती ससे गवत कुरकुर चावत होते. साहेबांनी मुलीची बाजू मांडली, इतकी की बाईंना तोंड उघडायला मिळेना. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, मिऱ्यांचे आकडे वाचून दाखवले आणि शेवटी, जे झालं त्याला मी एकटा जबाबदार आहे, हिला ससा द्या, अशी चक्क विनवणी केली. तीन आठवड्यांपूर्वी याच पाटावरून पळून गेलेला माणूस हाच, हे बाईंना खरं वाटेना. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली आणि खारूकडे वळल्या.

"तुला काय वाटतं गं? द्यावा?"

खारूनं मान हलवली. नाही म्हणून.

"अगं, पण का?" साहेब जवळजवळ ओरडलेच.

"बाबा नापास झालाय," खारू बाईंना म्हणाली. "आणि तो नापास होऊन चालणार नाही. ससा दहा वर्षं जगतो ना? मी आता नऊ वर्षांची आहे. नऊ आणि दहा एकोणीस. मी तेव्हा शिकायला बाहेरगावी असणार. मग बाबाला घरी करमणार नाही. आईला करमेल, तिला खूप काम असतं. बाबालाच करमणार नाही. म्हणून तर ससा."

बायको खिडकीबाहेर बघत होती. तिला हे माहीत होतं की नव्हतं, ते तिच्या पाठीवरून कळत नव्हतं. साहेबांचं वेगळंच झालं. दोन वर्षं ते ज्या हट्टाला नाही म्हणत होते, तो हट्ट त्यांच्यासाठी होता. दहा वर्षांनंतरच्या आपल्या रिकाम्या घराचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. आयुष्यभर सगळ्यांची काळजी केली, आणि नेमकी ही एक काळजी त्यांच्याऐवजी नऊ वर्षांची पोरगी करत बसली होती. काही बोलायचं म्हणून त्यांनी शेजारच्या सशाकडे बघून "हो का," असं म्हटलं.

बाईंनी वही मिटली आणि निकाल दिला. मुलगी पास. आई पास. बाबांनी पुन्हा बसायचं, एकवीस दिवस, रोज, एकट्यानं, दुसऱ्या कुणी मदत करायची नाही. "आणि एक ससा मी कधीच देत नाही," त्या पुढे म्हणाल्या. "ससा एकटा झुरतो. जोडीच न्यावी लागेल."

"हे तुम्ही आधी सांगितलं नाहीत," साहेब म्हणाले.

"तुम्ही सांगू कुठे दिलंत? दुखण्याखुपण्यापर्यंत आले आणि तुम्ही उठलातच की."

साहेबांनी निमूटपणे मान डोलावली. परतताना खारूनं त्यांचा हात धरला होता आणि पालेभाजी कशी धुवायची, हे ती त्यांना पहिल्यापासून समजावून सांगत होती. साहेब पोरीचं बोलणं मन लावून ऐकत होते. दोनदा तर त्यांनी मध्येच थांबवून पुन्हा विचारून घेतलं.

सोमवारी ऑफिस उघडताच ते स्टोअरच्या खिडकीत उभे राहिले आणि त्यांनी दोन किलोचं आणखी एक वजन एकवीस दिवसांसाठी घरी न्यायला मागितलं. स्टोअरकीपरनं नोंदवही उघडली, तारीख टाकली, वजन टाकलं, आणि पेन कारणाच्या रकान्यावर आणून थांबवलं.

"कारण काय लिहू, साहेब?"

साहेबांनी मागेपुढे पाहिलं, खिडकीत जरा आत वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "लिहा, पहिल्याला एकट्याला करमत नाही."